बाबा कुठे उतरले?

लिव्होर्नो,
१२ मार्च १९५३

प्रिय पाइदर,

बाबांना मंगळवारी गाडीत बसवते आहे. बुधवारी दुपारच्या बसने ते प्रासूराला उतरतील. तू थांब्यावर जाऊन उभा राहा. नेसाला पाठवू नकोस, तू स्वतः जा. सुनेने उतरवून घेणं वेगळं आणि मुलाने उतरवून घेणं वेगळं.

मे महिन्याला अजून अवकाश आहे, हे मला कळतं. हिवाळा माझ्याकडे आणि उन्हाळा तुझ्याकडे, असं आई गेल्यावर आपण दोघांनी ठरवलं होतं, तेही मी विसरलेले नाही. पण डॉक्टर म्हणाले, समुद्राचा वारा त्यांच्या छातीला सोसत नाही, डोंगराची हवा बरी. डॉक्टरांपुढे आपण काय बोलणार? शिवाय ईस्टर तोंडावर आलंय. दुकानात इतकी गर्दी असते की मला आणि उगोला धड जेवायला मिळत नाही. बाबा मधेमधे येऊन साखरेचा पाक बघतात आणि कारागिरांना नावं ठेवतात. दुकान त्यांनीच उभं केलं, मान्य आहे. पण आता ते आम्ही चालवतो.

उगो मिलानपर्यंत त्यांच्याबरोबर जाईल आणि तिरानोच्या गाडीत बसवून देईल. रात्री तिरानोला, स्टेशनासमोरच्या नेहमीच्या खाणावळीत मुक्काम. सकाळी लाल गाडीने बर्निनाचा घाट ओलांडायचा, सामेदानला गाडी बदलायची, झेर्नेझला उतरायचं आणि तिथून पोस्टाची पिवळी बस. बाबांना सगळं पाठ आहे. ते विसरायला लागलेत असं तू गेल्या वर्षी लिहिलं होतंस. इथे तर काहीच विसरत नाहीत, उलट नको ते आठवतात.

लोकरीचे मोजे दिले आहेत. तुझ्याकडच्या पोरांना सुके अंजीर दिलेत, ते बाबांनी वाटेत संपवले नाहीत म्हणजे मिळवली.

तुझी,
मेंगिया


प्रासूरा,
२३ मार्च

प्रिय मेंगिया,

तुझं पत्र मंगळवारी माझ्या हातात पडलं, म्हणजे बाबा गाडीत बसून गेल्यावर. आता येऊ नका म्हणायला जागाच ठेवली नाहीस. हे तू मुद्दाम केलंस असं नेसा म्हणते. मी तसं म्हणत नाही. मी फक्त पाकिटावरचा शिक्का पाहिला. पत्र बाराला लिहिलंस आणि चौदाला टाकलंस. दोन दिवस ते बहुतेक साखरेच्या डब्यात होतं.

बुधवारी मी थांब्यावर गेलो. बर्फ पडत होतं. बस आली, लिनार्ड स्टिअरिंगवर होता. माणसं उतरली, स्कीवाले उतरले, कोंबड्यांची टोपली घेऊन शाळामास्तरीण उतरली. बाबा नाहीत.

मी म्हटलं, "लिनार्ड, आमचे बाबा?"

तो म्हणाला, "झेर्नेझला तर कोणी दिसलं नाही. मागच्या सीटखाली बघू का?"

असले त्याचे विनोद. संध्याकाळच्या बसला पुन्हा गेलो. गुरुवारी दोन्ही बसना गेलो. आता थांब्यासमोरचा न्हावी मला विचारतो, "पोस्टात नोकरी लागली का?" शुक्रवारी तुला तार करणार होतो, तेवढ्यात बाबांचं कार्ड आलं. लिहिलंय, "निघालो आहे, पण उशीर होईल. थांब्यावर वाट पाहू नकोस." कार्डावर तिकीट इटलीचं. शिक्का बर्फाने भिजून पुसला गेलाय, गावाचं नाव लागत नाही.

म्हणजे बाबा अजून इटलीतच आहेत. इटलीत ते आणखी कोणाकडे राहणार? तेव्हा मेंगिया, सरळ विचारतो. त्यांना गाडीत बसवलंस तरी का? की आयत्या वेळी त्यांनी यायला नकार दिला आणि मला ते कळवायची तुला लाज वाटली? की मी उगाच थांब्यावर तिष्ठत राहावं आणि पुढे उन्हाळाभर ऐकून घ्यावं, असा बेत आहे?

आणि त्या डॉक्टरांचं नाव काय? छातीची तक्रार बाबांना कधी नव्हती. ते प्रासूराच्या चर्चमध्ये गायला लागले की घंटेचा आवाज ऐकू येत नाही.

पाइदर


लिव्होर्नो,
२७ मार्च

पाइदर,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले ती दुकान उघडायची वेळ झाली तरी उठले नाही. उगोला वाटलं कोणी गेलं.

बाबा तुझ्याकडे आहेत. माझ्यापाशी पुरावा आहे. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मलाही त्यांचं कार्ड आलं. "पोचलो. जागा उबदार आहे. काळजी नसावी." बाबांचंच अक्षर, आणि तिकीट स्वित्झर्लंडचं! शिक्का अर्धाच उमटलाय, पण तिकिटावरची बाई काही इटलीची नाही. आता स्वित्झर्लंडमध्ये बाबा कोणाकडे पोचणार? राष्ट्राध्यक्षांकडे?

कार्ड मी तुला पाठवणार नाही, तू ते फाडून टाकशील. तुझ्या त्या इटलीच्या तिकिटाच्या कार्डाचं म्हणशील, तर ते खरंच आहे का, असाही मला प्रश्न पडलाय.

पाइदर, काय लपवतोयस? आजारी पडलेत का? बर्फावरून घसरले का? की त्यांनी रागारागात माझ्याबद्दल काही सांगितलं आणि तुम्ही दोघं मिळून मला शिक्षा करताय? गेल्या ऑक्टोबरमध्ये ते तुझ्याकडून आले तेव्हा त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, "लाकडं फोडायला मजा येते." पंच्याहत्तरीच्या माणसाला लाकडं फोडण्यात कसली मजा? मी तेव्हा गप्प बसले. तुझ्याकडे पाहुणे उतरतात, चुली पेटत्या ठेवाव्या लागतात, हे मला समजतं. पण आपल्या बापाच्या हाताने?

लिनार्ड तुझा शाळेपासूनचा दोस्त. तू सांगशील तसं तो बोलणार. त्याचा दाखला मला देऊ नकोस.

बाबांना त्यांच्या स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायला सांग. कुठे झोपतात, काय जेवतात, तेवढंच. त्या आल्या नाहीत तर ईस्टर झाल्यावर मी स्वतः येईन, आणि मग थांब्यावर कोणाला उभं राहायला लागेल ते बघ.

मेंगिया


प्रासूरा,
३ एप्रिल, गुड फ्रायडे

मेंगिया,

तुझ्या पत्राला उत्तर न देता मी सरळ गाडीत बसलो. कारण ते वाचून माझ्या मनात आलं की दोघांपैकी कोणीतरी धडधडीत खोटं बोलतंय, आणि मी तर बोलत नाही.

आधी सामेदानला गेलो. तिथे लाल गाडीचा तो मिशीवाला तिकीट तपासनीस भेटला. बाबांना वर्षानुवर्षं ओळखतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "म्हातारबा? छे! ते गाडीत असते तर माझ्या खिशात बदामाचा केक असता."

"नक्की?"

"अहो, यंदा मार्चभर मी बदाम हुंगलेलासुद्धा नाही."

मग त्याच गाडीने खाली तिरानोपर्यंत गेलो. खाणावळीची बाई दारातच म्हणाली, "यंदा वडील आले नाहीत? मी तर त्यांच्यासाठी कोपऱ्यातली खोली ठेवली होती. तुमच्या बहिणीचं पत्र होतं ना." म्हणजे पत्र तू लिहिलं होतंस, एवढं खरं निघालं. पण बाबा तिरानोला आलेच नाहीत. मिलानला उगोने त्यांना स्वतः डब्यात बसवलं म्हणतेस, मग तो डबा गेला कुठे? उगोला समोर बसवून विचार. आणि विचारताना त्याच्या कानांकडे बघ. तुझ्या लग्नातही त्याला काही लपवायचं असलं की कान लाल व्हायचे.

तुझं ते स्विस तिकीट मला झोपू देत नाही. ते खरं असेल तर बाबा इथे कुठेतरी, याच देशात आहेत आणि माझ्या दारात आलेले नाहीत. नेसा म्हणते, असं व्हायला काहीतरी कारण लागतं.  

आता हे तू कोणा दुसऱ्याकडून ऐकण्याआधी मीच लिहितो. बाबांची दक्षिणेकडची खोली आम्ही या हिवाळ्यापासून पाहुण्यांना देतो. स्कीसाठी येणारी माणसं तीच खोली मागतात. बाबांसाठी स्वयंपाकघरामागची, सफरचंदं ठेवायची खोली साफ करून तिथे खाट टाकली आहे. वाईट नाही. वास छान येतो. नेसाने फेब्रुवारीत बाबांना तसं कळवलंही होतं, मेमध्ये आलात की तिथे सोय केली आहे म्हणून. त्यावर त्यांचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, मान्य असेल.

लाकडांचं म्हणशील, तर मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते आपणहून करायचे. पण मी कधी थांबवलंही नाही, हे खरं आहे.

उगोला विचार.

पाइदर


लिव्होर्नो,
८ एप्रिल

पाइदर,

आज सकाळी तुला तार केली आहे. ती तुला कोड्यासारखी वाटली असेल. हे पत्र मागून येतंय, म्हणून सगळं सांगते.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. जेवण झाल्यावर मी उगोला म्हटलं, "मिलानला बाबांना कुठल्या फलाटावर बसवलंस?"

"फलाटावर? नेहमीच्याच."

"नेहमीचा म्हणजे कुठला?"

कान लाल. तुझं खरं ठरलं, हे लिहिताना मला काही आनंद होत नाही.

"मेंगिया, म्हातारा मला इथल्याच स्टेशनवर म्हणाला, 'उगो, तू परत जा. रस्ता मला पाठ आहे.' मी म्हटलं, मेंगिया माझं डोकं फोडेल. तर म्हणाले, 'तू सांगू नकोस, मीही सांगणार नाही.'"

"आणि तू रात्री घरी आलास! दिवसभर होतास कुठे?"

"बंदरावर. गळ टाकून बसलो होतो."

"त्या दिवशी तू मिलानच्या बाजारातून म्हणून मासे आणलेस ना रे?"

पाइदर, मी ते मासे शिजवले आणि मिलानचे मासे किती ताजे असतात म्हणून शेजारणीला सांगितलं.

मी तशीच स्टेशनवर गेले. तिकीट खिडकीवरचा माणूस आपल्या दुकानातून रोज बिस्किटं नेतो, त्याला बाबा आठवत होते. म्हणाला, "हो, आले होते. तिरानोचं तिकीट बदलून कियावेन्नाचं मागितलं. मी म्हटलं, मग कोलिकोला गाडी बदलावी लागेल. तर म्हणाले, 'बदलू की! आयुष्यात दुसरं काय केलं?'"

कियावेन्ना! तिथून तर मालोयाच्या खिंडीची बस जाते. त्या रस्त्याने आपल्याकडचं कोणी कधी येतं का? लांबचा, वळणावळणाचा, आणि मार्चमध्ये वरून बर्फ कोसळतं. तुला आलेलं इटलीचं तिकीट आणि मला आलेलं स्विस तिकीट, दोन्ही त्याच रस्त्यावरची असणार. सरहद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची. आपण दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसलो आणि बाबा मधेच कुठेतरी आहेत.

आता माझंही सांगते. डॉक्टर वगैरे कोणी नव्हतं. उगोची आई फेब्रुवारीत जिन्यावरून पडली, तिला एकटं ठेवता येईना. आमच्याकडे जादा खोली कुठली? आम्ही तिला बाबांच्या खोलीत आणलं आणि बाबांचं अंथरूण बैठकीत घातलं. त्यांना आधी सांगायला हवं होतं. ते बंदरावरून फेरी मारून आले, तर त्यांच्या पलंगावर सासूबाईंचा झगा पसरलेला. बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "मी आणखी एक फेरी मारून येतो." नंतर पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "पाइदरकडे लवकर गेलो तर चालेल का?" आणि मी, देवा, मी इतक्या पटकन हो म्हटलं!

तू जवळ आहेस. मालोयाच्या रस्त्याला जा. प्रत्येक थांब्यावर विचार. आणि पाइदर, ते भेटले तर माझ्याबद्दल आधी तुझं तुझं काही सांगू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

मेंगिया


प्रासूरा,
१५ एप्रिल

प्रिय मेंगिया,

सापडले. धडधाकट आहेत. आधी हे वाच, पाणी पी, मग पुढे वाच.

तुझी तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. बस, मग गाडीने सेंट मोरित्झ, तिथून मालोयाची बस. खिंडीवर बर्फाच्या भिंती बसपेक्षा उंच होत्या. खाली उतरायला लागलो तशी एकेक वळणाला थंडी मागे पडत गेली. भोंगा वाजवत ड्रायव्हर वळणं घेत होता. त्याच्या मागच्या सीटवरून मी विचारलं, "या रस्त्यावर एक म्हातारे उतरलेले पाहिलेत का? करडी टोपी, बोलताना वरच्या खोऱ्यातला हेल."

"केकवाले आजोबा का? कास्ताराला. आत्ता येईलच. आम्ही तिथे पूर्वी नुसते थांबायचो, आता जरा जास्त थांबतो."

कास्तारा म्हणजे सरहद्दीच्या वरचं छोटंसं गाव. चेस्टनटची झाडं, नदी, आणि बसथांब्याला लागून एक खाणावळ. बस थांबली आणि खाणावळीतून बाबा बाहेर आले. अंगात पांढरा एप्रन, हातात थाळा. सरळ बसच्या खिडक्यांपाशी आले. मी दारात पुतळा होऊन उभा.

"पाइदर," ते म्हणाले, जसा काही मी रोज त्याच बसने येतो, "खाली उतर. मागच्यांची वाट अडवतोयस."

सगळ्यांना वाढून झालं, बस गेली, तेव्हा कुठे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "बाबा, हे काय आहे?"

"चेस्टनटच्या पिठाचा केक. खाऊन बघ. लोणी जरा कमी पडलंय."

"घरी चला."

"कुठल्या?"

मेंगिया, या एका शब्दाचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

मग आम्ही नदीकडे गेलो. तिकिटांवरून झालेलं आपलं भांडण आणि तुझ्या डॉक्टरांची गोष्ट मी सांगून टाकली. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. त्या बुधवारी बस कास्तारापर्यंत आली आणि वरचा रस्ता बर्फाने बंद झाला. सगळ्यांना खाणावळीत मुक्काम करावा लागला. मालकीण पाल्मीराबाई म्हणून विधवा आहे. तिने बाबांना विचारलं, "किती दिवस राहणार?" बाबांना वाटलं, झालं, इथेही तोच प्रश्न! म्हणाले, "उद्या जाईन, बाई, काळजी करू नका." तर ती म्हणाली, "तसं नव्हे हो. जास्त राहणार असाल तर भट्टीच्या वरची खोली देते, ती उबदार आहे. एका रात्रीपुरती तापवायला परवडत नाही." बाबा म्हणाले, "मग आठवडाभर राहतो." दुसऱ्या दिवशी बस गेली. बाबा गेले नाहीत.

"तुझ्या घरी मला तो प्रश्न नेसा विचारते," बाबा मला म्हणाले. "लिव्होर्नोला मेंगिया विचारते. शब्द तेच." आवाज चढवला नाही. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता माझं मत. ती पाल्मीराबाई मला ठीक वाटली नाही. फार हसतमुख आहे. बाबांचा कोट तिच्या कोटाशेजारच्या खुंटीला टांगलेला होता. पहाटेपासून बाबा तिच्या भट्टीवर राबतात आणि बसवाले पूर्वीपेक्षा जास्त थांबतात, म्हणजे यात कोणाचं चांगभलं चाललंय? जेवताना तिने बाबांच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. मी तिला म्हटलं, "आमचे बाबा भोळे आहेत." तर म्हणते, "असं? मला तर तसे नाही वाटले."

हे काय उत्तर झालं?

मी एकटा परत आलो. बाबा यायला तयार झाले नाहीत.

तुझा,
पाइदर


लिव्होर्नो,
१९ एप्रिल

प्रिय पाइदर,

बाबा सुखरूप आहेत हे वाचून मी रडले. आणि पुढचं वाचून रडणं थांबलं.

ही बाई कोण? वय काय? विधवा किती वर्षांपासून? मुलंबाळं आहेत का? तू तिथे गेलास, जेवलास आणि यातलं एकही विचारलं नाहीस! पुरुषांना पाठवलं की हे असं होतं. उबदार खोली, दुसऱ्यांदा वाढणं, शेजारची खुंटी. पाइदर, मी दुकानात बसते, माणसं ओळखते. फुकटची ऊब कोणी देत नाही. एका बर्फाच्या रात्रीत परक्या म्हाताऱ्याला ठेवून घेणारी बाई कपटी तरी असली पाहिजे किंवा वेडी तरी. आणि वेडीला खाणावळ चालवता येत नाही.

मी तिला सरळ पत्र लिहून टाकलं आहे. आमच्या वडिलांना घर आहे, एक सोडून दोन घरं आहेत, कपटी बायकांनी त्यांच्या साधेपणाचा फायदा घेऊ नये, पाइदरने पाहिलेला तो खुंटीवरचा कोट हलवावा आणि आपलं वय कळवावं, असं स्पष्ट. उगो म्हणाला, असं लिहू नकोस. मी म्हटलं, तू मासे पकड.

तू लाकडांचं कबूल केलंस ते मला आवडलं. मीही सासूबाईंची व्यवस्था माजघरात करायचं बघते आहे, बाबांनाही तसं कळवलंय. पण आधी बाबांना तिथून काढलं पाहिजे. या वेळी तू आणि मी एका बाजूला आहोत, हे लक्षात ठेव.

तुझी,
मेंगिया


कास्तारा,
२६ एप्रिल

प्रिय मेंगिया आणि पाइदर,

एकच पत्र दोनदा लिहितो आहे. दोघांना शब्दन् शब्द सारखा आहे. पडताळून पाहायचं असेल तर पाहा.

तुम्हा दोघांचं बऱ्याच वर्षांनी एका गोष्टीवर एकमत झालं, याचा मला आनंद आहे. ते पाल्मीराबाईंवर संशय घेण्यावर झालं, एवढंच वाईट. मेंगिया, तुझं पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी तेव्हा कणीक मळत होतो. 'कपटी' या शब्दापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी अक्षर सुंदर काढते." मग पुढे वाचलं. त्यांचं वय विचारलं होतंस. अडुसष्ट. दोन मुलगे आहेत, एक बाझेलला आणि एक अर्जेंटिनाला, आणि दोघांनाही आईने कोणाकडे राहावं याची चिंता आहे. त्या कोणाकडेच जात नाहीत. आमचं इथेच पहिल्यांदा जुळलं.

पाइदर, खुंटीचं सांगतो. खाणावळीत खुंट्या दोनच आहेत.

मला कोणी ठेवून घेतलेलं नाही आणि पळवूनही आणलेलं नाही. मी आपल्या पायांनी कोलिकोला उतरलो आणि दुसऱ्या गाडीत बसलो. चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला घोड्यांच्या पोस्टगाडीत घालून याच रस्त्याने खाली पाठवलं होतं. मिठाईचं काम शिक म्हणाले. मी सगळी वळणं रडत उतरलो, काही बघितलं नाही. पुढे रेल्वे झाली, तिकडूनच जाणंयेणं होऊ लागलं. या वेळी वाटलं, एकदा नीट बघत जावं. आणि खरं सांगायचं तर लवकर पोचायचं नव्हतं. जिथे आपली वाट पाहत नाहीत, तिथे लांबच्या रस्त्याने जावं.

कियावेन्नाहून पाइदरला लिहिलं की उशीर होईल. कास्ताराला आल्यावर मेंगियाला लिहिलं की पोचलो. दोन्ही खरं होतं. तुम्ही कार्डावरची तिकिटं वाचलीत, मजकूर वाचला नाहीत.

सासूबाईंना माजघरात हलवू नकोस, मेंगिया. पडलेल्या माणसाला उजेडाची खोली हवी. पाइदर, दक्षिणेकडची खोली पाहुण्यांनाच दे, तिथून बर्फाचं शिखर दिसतं, ते बघायला ते येतात, मी काही त्यासाठी येत नव्हतो. तुम्ही वाईट मुलं नाही. तुमची घरं भरली आहेत. घर भरलेलं असावं. फक्त मला सांगायचं होतं, 'बाबा, जागा नाही.' मी ते ऐकू शकलो असतो. डॉक्टर आणि सफरचंदं ऐकायला जड गेली.

मी इथे राहणार आहे. खोली भट्टीच्या वर आहे, खिडकीतून नदी ऐकू येते. सकाळी काम असतं, दुपारी मोकळा असतो. हात बरे आहेत. पिठाने भेगा पडत नाहीत.

आता तुम्ही इकडे यायचं. मेच्या दुसऱ्या रविवारी या, दोघंही. मेंगिया, तू शनिवारी निघ. मिलानला गाडी बदल, तिरानोच्या गाडीत बस आणि कोलिकोला उतर, झोप लागू देऊ नकोस. कियावेन्नाला मुक्काम कर, सकाळची बस पकड आणि डाव्या बाजूला बस. उगोला आणणार असलीस तर मिलानच्या पुढे त्याच्यावर नजर ठेव. पाइदर, तू पहिल्या बसने निघ, गाडीने सेंट मोरित्झ, आणि मालोयाहून खाली ये. नेसाला घेऊन ये. खिंडीच्या वळणांवर तिला पुढे बसव, तिला मळमळतं.

मेंगियाची बस आधी येते, पाइदरची दुपारी. मधल्या वेळात मी मेंगियाला पाइदरबद्दल काही सांगणार नाही, याची पाइदरने खात्री बाळगावी. मेंगिया मला सांगेल. मी ऐकून घेईन. मग पाइदर येईल आणि त्याचं सांगेल, तेही ऐकून घेईन. पाल्मीराबाई सूप वाढतील, त्यांच्याशी नीट बोला. आणि तुमचं दोघांचं बोलून संपलं की मग मी बोलेन. मला बरंच बोलायचं आहे, आणि आता ते बसल्या जागी, घाई न करता बोलता येईल.

तुमचा,
बाबा